प्राण्यांच्या छायाचित्रांतील प्रकाश

प्राण्यांचीं छायाचित्रें पाहतांना आपल्याकडील रसिकही ‘किती गोड!’ एवढा अभिप्राय देऊन मोकळे होतात. त्यांतील प्रकाशाकडे क्वचितच कोणाची दृष्टि जाते. आमच्या मतें या कलेची खरी परीक्षा तेथेंच आहे.

आरंभींच्या अडचणी प्रथम ध्यानांत घेतल्या पाहिजेत. जुन्या प्लेटांना निळा रंग चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें तांबूस मांजर चित्रांत काळवंडून उतरे. प्लेटमध्यें रंगद्रव्य मिसळल्यास तिची दृष्टि विस्तारते, हें जर्मन शास्त्रज्ञ फोगेल यानें १८७३ मध्यें दाखविलें. सर्व रंग टिपणाऱ्या प्लेटा १९०६ मध्यें विक्रीस आल्या. तरीही स्वस्थ न बसणारा प्राणी होताच!

अमेरिकेतील हॅरी व्हिटियर फ्रीस याचें ‘द लिटल फोक्स ऑफ ॲनिमल लँड’ हें पुस्तक १९१५ चें. मांजरांच्या पिल्लांस कपडे घालून, एक-पंचमांश सेकंद तीं स्थिर राहतील तो क्षण त्यानें साधला. ही चिकाटी वंदनीय होय. परंतु त्याचा प्रकाश बहुधा चोहोंकडे सारखाच पसरतो. कपड्याची घडी आणि पिल्लाची मिशी यांस एकच मोल मिळतें. पिल्लू आणि बाहुली यांत अंतर उरत नाहीं.

याउलट ‘इला’ या नांवानें प्रसिद्धीस आलेली कॅमिला कॉफलर. हिचा जन्म १९११ चा, व्हिएन्नाचा. ती मूळची शिल्पकलेची विद्यार्थिनी. १९३० नंतर पॅरिसमध्यें तिनें पाळीव प्राण्यांसाठीं स्टुडिओ उघडला. तिच्या उत्तम चित्रांत प्रकाश शिल्पकाराच्या बोटांप्रमाणें पाठीवरून, मानेवरून फिरतो. काळी लव नुसता डाग न राहतां करड्या छटांनीं घडत जाते आणि डोळ्यांतील लहानशी चमक सांगते कीं, हा जीव आपणांस पाहत आहे.

फ्रीसचीं चित्रें मुलांस आवडतात, असा आक्षेप येईल. आवडोत बापडीं! पण प्राणी हें खेळणें आहे कीं स्वतंत्र जीव, हा धडा मुलें अशाच चित्रांतून नकळत घेतात. म्हणून छटांची ही चर्चा आम्हांस निव्वळ तांत्रिक वाटत नाहीं.

१९५५ मध्यें भरतपूर येथें बैलगाड्यांच्या शर्यतीचीं चित्रें घेतांना जीपवरून पडून इला मृत्यु पावली. तिचीं चित्रें घरांत असतील तर मुलांसह एकवार पुन्हां पाहावीं. आणि ‘गोड’ म्हणण्यापूर्वीं उजेड कोठून येतो, एवढें विचारावें.