बोटभर माणूस, हातभर तलवार

चंद्रपूरच्या परकोटाच्या दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे. सिंह हत्तीला नमवतोय, आणि सिंहाचा आकार हत्तीपेक्षा मोठा आहे. जटपुरा गेटखालून रोज हजारो दुचाक्या जातात, पण सिंहाचं माप चुकलं म्हणून कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ज्याची सत्ता त्याचा देह मोठा, हा दगडातला जुना कायदा आहे. वीरगळावरही तोच चालतो. खालच्या चौकटीत लढणारा वीर अंगानं दुप्पट, शत्रू त्याच्या गुडघ्याशी. वर तोच वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य.

टेबलावरच्या युद्धखेळांसाठी बोटभर सैनिक घडवणारे शिल्पकार गेली चाळीस-पन्नास वर्षं याच कायद्याशी भांडतायत. हा खेळ तसा जुना. प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी 1824 च्या सुमाराला नकाशावर लढाया खेळायला सुरुवात केली. 1893 मध्ये इंग्लंडच्या ब्रिटन कंपनीनं पोकळ ओतकामाचे स्वस्त शिसे-सैनिक बाजारात आणले, आणि 1913 मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं त्याच खेळण्यांवर ‘लिटल वॉर्स’ हे नियमांचं पुस्तक लिहिलं. आज टेबलावर बनावट टेकड्या, झाडं, नदी मांडतात, फासे टाकतात आणि रंगवलेल्या फौजा इंचाइंचानं पुढे सरकवतात. सगळ्यांत रुळलेलं माप 28 मिलिमीटरचं, तेही बहुतेक वेळा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजलेलं.

भांडण डोक्यावरून आहे. खऱ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. बाजारातल्या बहुतेक पुतळ्यांत ती पाच-साडेपाच पटच भरते. डोकं मोठं, पंजे त्याहून मोठे, तलवार फळीएवढी जाड. या घाटाला खेळातले लोक ‘हिरोइक’ म्हणतात. त्याची कारणं हौसेची कमी आणि कारखान्याची जास्त आहेत. पुतळी घडते ती रबरी साचा गरगर फिरवत त्यात कथिलाचा मिश्रधातू ओतून. बारीक मनगट असेल तर धातू तिथपर्यंत पोहोचत नाही, पोहोचला तरी पहिल्याच खेळात भाला मोडतो. शिवाय हातभर अंतरावरून चेहरा दिसायला हवा, रंगवणाऱ्याच्या कुंचल्याला डोळा सापडायला हवा.

खरं माप धरायचं म्हणजे काय, ते आकड्यांत बघावं. साडेपाच फुटी माणूस छप्पनपट लहान केला की तीस मिलिमीटरचा होतो आणि त्याचं डोकं चार मिलिमीटरचं. चार सेंटिमीटर रुंद तलवारीचं पातं पाऊण मिलिमीटरही भरत नाही, आणि जाडी तर केसाएवढी. चिलखताची एक कडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून बारीक. म्हणजे वास्तववादी म्हणवणारा शिल्पकारही खोटं बोलतोच. किती आणि कुठे, एवढंच त्याच्या हातात असतं. पातं जाड केलं तरी चालतं, कारण नजर ते माफ करते. डोकं मोठं केलं की अख्खा माणूस बाहुला होतो.

या कमी खोट्याच्या घराण्याचा आद्य पुरुष म्हणून अमेरिकेतल्या टॉम मायरचं नाव घेतात. सिनसिनाटीत 1975 मध्ये राल पार्था ही कंपनी निघाली, तेव्हा तो विशीतही नव्हता. दोन रंगांची इपॉक्सी पुट्टी मळून पुतळी घडवण्याची रीत रुळवण्याचं श्रेयही बरेच जण त्यालाच देतात. निळी आणि पिवळी पट्टी एकत्र मळली की हिरवी होते, म्हणून तिला ‘ग्रीन स्टफ’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ॲलन आणि मायकल पेरी या जुळ्या भावांनी तो धागा पुढे नेला. मायकलचा उजवा हात 1996 मध्ये फ्रान्समधल्या एका ऐतिहासिक लढाईच्या प्रयोगात तोफेच्या अपघातात गेला. त्यानंतर तो डाव्या हातानं घडवायला शिकला, आणि त्यानंतरचं काम आधीच्यापेक्षा उणं आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. गेम्स वर्कशॉप या खेळकंपनीसाठी पेरी बंधूंनी 2001 पासून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे जे सैनिक केले, ते त्याच कंपनीच्या इतर पुतळ्यांशेजारी ठेवले की सडपातळ, जवळजवळ अशक्त वाटतात. पाच मिनिटांनी मात्र बाकीचेच सुजल्यासारखे दिसू लागतात.

पेरींच्या कामातली खरी गोष्ट बांध्यात नाही, कपड्यांच्या क्रमात आहे. चांगला शिल्पकार आधी तारेचा सांगाडा करतो. खांदे, कंबर, गुडघे कुठे वळतात ते तारेतच ठरतं. त्यावर उघडं अंग चढवतो आणि वाळू देतो. मग आतला कपडा, मग चिलखत, मग पट्टा, शेवटी तलवार. एकेक थर वाळायला तास जातात, म्हणून एकाच वेळी चार-पाच पुतळ्या हाताखाली ठेवतो. घाईचा शिल्पकार हे थर गाळतो आणि थेट चिलखतच घडवतो. मग आत माणूस उरतच नाही. कड्यांचं चिलखत खांद्यावरून लोंबतं, वजनानं खाली ओढतं आणि कमरेचा पट्टा आवळला की पट्ट्यावर त्याची चुणीदार घडी पडते. ती घडी दिसली की शिल्पकारानं खरं चिलखत पाहिलंय हे कळतं. कड्या उठवायची युक्ती साधी आहे: ओल्या पुट्टीत सुईनं एका रांगेत डावीकडे कललेले ठसे, पुढच्या रांगेत उजवीकडे कललेले. पण पोटापाशी ती रांग वाकवायची असते, आणि तिथंच बहुतेकांचा हात सरळ जातो.

आता संगणक आला. झी-ब्रश, ब्लेंडर यांवर घडवायचं आणि रेझिनच्या यंत्रावर छापायचं. हे यंत्र एकावर एक पाच-शतांश मिलिमीटरचे थर चढवतं, त्यामुळे बारीक मनगटाची जुनी सबब संपली. गेम्स वर्कशॉपनंही 2017 मध्ये आपल्या चिलखती अवकाशवीरांची नवी पिढी उंच आणि मापात आणली. 1987 पासूनचे त्यांचे बुटके, मांड्या नसलेले पूर्वज त्यांच्याशेजारी थट्टेचे वाटतात. तरीही एकूण बाजार पाहिला तर वास्तववाद वाढलाय असं म्हणवत नाही. वाढलाय तो तपशील. प्रत्येक बंद, प्रत्येक खिळा सुरीसारखा स्वच्छ, आणि खाली तोच एक सांगाडा शंभरदा फिरवलेला. पाय फाकलेले, छाती पुढे, तोंड उघडं. दमलेला सैनिक, पट्टा आवळणारा, भाल्यावर रेलून उभा असलेला, असे पुतळे पेरींकडे हमखास सापडतात. पडद्यावर घडवलेल्या फौजांत ते शोधावे लागतात.

महाराष्ट्राकडे वळलं की टेबलाऐवजी अंगण येतं. दिवाळीतला किल्ला हा आपला युद्धखेळच, फक्त त्यात फासे नाहीत आणि हरायचं कुणालाच नसतं. हा मूळ रिवाज पुणे-सातारा-कोल्हापूरकडचा, पण मातीचे आणि प्लास्टरचे मावळे आता विदर्भातल्या बाजारांतही दिसतात. मावळा, भालदार, तोफ, गवळण, मावळ्यापेक्षा मोठा वाघ आणि सिंहासनावर महाराज. मावळ्याचे हात अंगाला चिकटलेले असतात, कारण तो दोन फाळक्यांच्या साच्यातून निघतो आणि मोकळा हात साच्यात अडकतो. पोलादी साच्यातल्या विलायती प्लास्टिक सैनिकांचीही नेमकी हीच अडचण आहे. ते लोक हात वेगळा ओततात आणि गिऱ्हाईकाकडून चिकटवून घेतात. आपला कुंभार तेवढा भाव मागू शकत नाही, म्हणून मावळा जन्मभर सावधान उभा.

त्याचं मोठं डोकं माफ करता येतं. माफ करता येत नाही ते हत्यार. दांडपट्ट्याची मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत असते, आत मनगट जखडलेलं. त्यामुळे पट्टा खांद्यातून फिरतो, अंगासकट फिरतो. मूर्तींत आणि चित्रांत मात्र तो मुठीत धरलेल्या तलवारीसारखा मनगटातून वाकलेला दिसतो. चिलखताचंही तसंच. प्रतापगडच्या भेटीच्या दिवशी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, असं बखरी सांगतात. म्हणजे त्या प्रसंगाच्या खऱ्या पुतळ्यात चिलखत दिसायलाच नको. अंगरखा किंचित ताठ बसलेला, खांदे थोडे जाड, हालचाल जरा जड, एवढ्यावरच ते ओळखू यायला हवं. एवढं संयमी काम अजून कुणाच्या हातून पाहायला मिळालेलं नाही.

मग प्रश्न पडतो की मापाची जाण आपल्याकडे नाहीच का? तान्ह्या पोळ्याला चंद्रपुरात फिरावं म्हणजे उत्तर मिळतं. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केलेला हा पोरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी ओढत लेकरं दारोदार बोजारा मागतात. साधे नंदी ठोकळेच असतात. पण मुरलेल्या सुतारानं घडवलेला नंदी बघावा: वशिंडाचा उठाव, गळ्याखालची लोंबती पोळी, मागच्या पायाचा कोन, गवळाऊ बैलाचं लांबट तोंड. आणि हे इथल्या सागवानात, ज्या सागवानाचं लाकूड 2023 मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. नंदी मापात येतो कारण गिऱ्हाईकाला बैल ठाऊक असतो. वशिंड चुकलं तर म्हातारा शेतकरी तिथल्या तिथे सुताराला सुनावतो. चिलखत घातलेला माणूस मात्र त्या शेतकऱ्यानंही पाहिलेला नसतो आणि सुतारानंही. मावळ्याचं माप चुकतं ते हातातल्या कसबामुळे नव्हे. त्याला कुणी टोकणारा नसतो, म्हणून चुकतं.

कसबाचा आणखी एक साठा हद्दीपलीकडे आहे. राजुरा-जिवतीच्या डोंगरांपलीकडे, तेलंगणातल्या जैनूरजवळच्या उशेगावात वोज कारागीर ढोकरा ओततात. आदिलाबाद ढोकऱ्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गडचिरोलीच्या पूर्वेला बस्तरच्या घडवा कारागिरांचं ओतकाम, जयदेव बघेल यांच्या कोंडागावचं. पद्धत अशी की मातीच्या गाभ्यावर मेणाचे सुतासारखे धागे गुंडाळायचे, वर माती लिंपायची, भट्टीत मेण जाळून त्या जागी पितळ ओतायचं. घोड्यावरचा राव देव या रीतीनं शेकडो वर्षं घडतोय. घोड्याचा देह लांब, पाय आखूड, स्वार ताठ. त्याला वास्तववादाची मोजपट्टी लावणं अडाणीपणाचं होईल. तो देव आहे आणि त्याचं माप त्याच्या भक्तांनी ठरवलेलं आहे. पण कड्यांचं चिलखत दाखवायला मेणाच्या धाग्याइतकं नैसर्गिक साधन दुसरं नाही. इंग्लंडमधला शिल्पकार सुईनं ज्याचा आभास करतो, ते इथे हातातल्या साधनातच आहे. अडचण एकच: ढोकऱ्याचा साचा दरवेळी फोडावा लागतो. एकच पुतळा निघतो, पलटण निघत नाही.

कुणी पलटण उभारायची ठरवलीच, तर या जिल्ह्यात लढायांची वाण नाही. 1818 च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या कंपनी फौजेनं चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तटाला तोफांनी खिंडार पाडलं आणि शहर घेतलं. तट अजून बराच उभा आहे, जागेवर जाऊन माप घेता येतं. इंग्रज खेळाडू 1803 च्या असईच्या लढाईचे टेबल हौसेनं मांडतात, पण चांद्याचा तट त्यांच्या टेबलावर सहसा येत नाही. तोवर चिलखतंही बरीचशी अडगळीत गेली होती. भोसल्यांच्या चाकरीतला अरब तोड्याची बंदूक घेऊन सुती कपड्यात लढत होता.

आणि 1858 तर त्याहून अवघड. मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांशी लढाई दिली. त्यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आलं. त्या फौजेतल्या साध्या लढवय्याचा पुतळा करायला घेतला तर चिलखत नाही, टोप नाही. उघडं अंग, गुडघ्यावर धोतर, हातात धनुष्य किंवा कुऱ्हाड. चिलखत शिल्पकाराच्या सगळ्या चुका झाकतं. बरगडी कुठे संपते, खांद्याचं पान हात उचलताना कुठे सरकतं, हे माहीत नसलं तरी पत्रा सगळं सांभाळून घेतो. धनुष्य ओढणाऱ्या उघड्या पाठीला तशी सोय नाही. तीस मिलिमीटरच्या माणसात ती पाठ नऊ-दहा मिलिमीटरची होते, आणि तिच्यात ओढलेल्या हाताच्या बाजूचा खांदा मणक्याकडे सरकलेला दिसायला हवा. परदेशी संचांतले ‘रानटी टोळीवाले’ पाहिले की हे काम किती टाळलं जातं ते कळतं. त्यांच्या पाठी फुगवलेल्या असतात, व्यायामशाळेतल्यासारख्या. जंगलात दिवसाला पंधरा-वीस मैल चालणाऱ्या माणसाची पाठ तशी नसते. ती कशी असते हे बघायला भामरागड-एटापल्लीच्या आठवडी बाजारात एक सकाळ वही घेऊन बसलं, तर कुठल्याही शरीररचनेच्या पुस्तकापेक्षा जास्त हाती लागेल.