ताटात काय, हे कोण ठरवते?

बाळाला वरचे अन्न सुरू करायचे म्हणजे ते शिजवून, मऊ करून भरवायचे, हे आपण गृहीत धरतो. उष्टावणाच्या दिवशी खीर चाटवतात तेव्हाही हात मोठ्या माणसाचाच असतो. ब्रिटनमधील गिल रॅपली यांनी नेमकी या भरवणाऱ्या हातालाच हरकत घेतली. ट्रेसी मर्केट यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘बेबी-लेड वीनिंग’ हे पुस्तक २००८ साली निघाले आणि तिकडच्या तरुण आईवडिलांत चांगलेच लोकप्रिय झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : सहा महिन्यांचे मूल आधाराने बसते, वस्तू पकडते, तोंडात घालते. मग त्याच्यासमोर घरचेच अन्न ठेवा, काय आणि किती खायचे ते त्याला ठरवू द्या.

पुस्तकाचा हा पाया भक्कम आहे. या वयाचे मूल वस्तू मुठीत धरते आणि मुठीच्या आतला भाग त्याला खाता येत नाही, म्हणून उकडलेले गाजर मुठीबाहेर डोकावेल इतके लांब कापायचे. एवढ्या साध्या सूचनेमागे शरीरविकासाचे निरीक्षण आहे. अडचण येते ती पुस्तक घराबाहेर पडल्यावर. त्यातले बाळ आईवडिलांबरोबर टेबलाशी जेवते. ब्रिटनमध्ये प्रसूतीची रजा ५२ आठवड्यांपर्यंत मिळते, पण भत्ता ३९ आठवड्यांचाच. त्यामुळे पुष्कळ मुले वर्षाची होण्याआधीच पाळणाघरात जातात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे किमान एक कर्मचारी लागतो. निम्मे अन्न जमिनीवर सांडलेले, पोटात किती गेले याचा पत्ता नाही आणि आईने बजावलेले, ‘चमचा लावू नका.’ त्या कर्मचाऱ्याने काय करायचे?

इथे पुस्तकातील अनुभवकथनांपेक्षा प्रयोग उपयोगी पडतात. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने २०६ मातांची यादृच्छिक विभागणी करून दोन गटांची तुलना केली. निष्कर्ष २०१६ आणि २०१७ साली प्रसिद्ध झाले. हाताने खाणारी मुले खाण्याबाबत कमी कटकटी निघाली, हे खरे. पण स्वतः ठरवून खाल्ल्याने स्थूलता टळते हा दावा टिकला नाही. दोन वर्षांच्या वयात दोन्ही गटांच्या वजन-उंचीच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. घास अडकण्याचे प्रमाणही सारखेच होते. सहा ते आठ महिन्यांच्या काळात सुमारे ३५ टक्के मुलांच्या बाबतीत ते एकदा तरी घडले. मात्र एक तपशील प्रचारात हमखास गळतो. या प्रयोगातील पालकांना प्रत्येक जेवणात लोहयुक्त पदार्थ द्यावा, धोक्याचे पदार्थ टाळावेत, असे मुद्दाम शिकवलेले होते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास ओसरू लागतो आणि आईच्या दुधात लोह अत्यल्प असते, म्हणून ही काळजी. म्हणजे ‘सुरक्षित’ हा शेरा मिळाला तो या शिकवणीसकट. पाळणाघरात काकडी आणि टोस्टच समोर आले, तर मूल त्यातूनच निवडणार.

हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी फार पूर्वीच ओळखले होते. त्यांनी दूध सुटलेल्या १५ मुलांना ३४ पदार्थांतून हवे ते निवडू दिले. मुले उत्तम वाढली. पण त्या यादीत साखर नव्हती की डबाबंद पदार्थ नव्हते. १९३९ साली निष्कर्ष मांडताना खरी मेख या यादीतच आहे, अशी कबुली त्यांनीच दिली. (वर्गात प्रयोगाचा आराखडा शिकवताना याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.) गंमत म्हणजे डेव्हिस यांच्या परिचारिकेच्या हातात चमचा होता! ती गप्प बसून राही. मुलाने एखाद्या पदार्थाकडे हात केला तरच चमचा भरायची आणि त्याने तोंड उघडले तरच घास द्यायची.

म्हणूनच चमच्याविषयीचे सोवळे मला पटत नाही. न्यूझीलंडमधली चमच्याने भरवलेली मुलेही व्यवस्थितच वाढली. दुपारी पेंगुळलेल्या बाळाला कर्मचाऱ्याने लापशीचे चार चमचे दिले म्हणून पद्धत बुडत नाही. बाळाने मान फिरवली की पाचवा चमचा द्यायचा नाही, एवढे मात्र पाळायला हवे.

तडजोड चालणार नाही ती नजरेच्या बाबतीत. ओकारीसारखी उबळ आली की मूल आवाज करते, लाल होते आणि बहुधा आपले आपण सावरते. घास श्वासनलिकेत पक्का अडकला तर आवाजच निघत नाही. हा फरक पुस्तकात नीट समजावला आहे, पण तो ओळखायला शेजारी कोणी बघणारे हवे. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झालेल्या नियमांनुसार जेवताना मुले कर्मचाऱ्याच्या नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असावी लागतात, शिवाय बालकांच्या प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेली व्यक्ती त्या खोलीत हवी. मुलाला कोणत्या पोताच्या अन्नाची सवय आहे हे पालकांशी वेळोवेळी बोलूनच ठरवायचे, वयावरून अंदाज बांधायचा नाही, असेही त्यात आहे. घरी नऊ महिन्यांचे मूल चिमटीने शिजवलेला वाटाणा उचलू लागले असेल आणि पाळणाघरात त्याला अजून लांब फोडीच मिळत असतील, तर ही गोष्ट आईनेच तिथे सांगायची आहे. तसेच अख्खे द्राक्ष कधी देऊ नका, लांबीत चार फोडी करा, हेही.