निवृत्ति, ‘नटसम्राट’ आणि देवगिरीचा किल्लेदार

बालपण, प्रेम आणि मरण यांविषयीं मराठी ग्रंथकारांनीं जेवढें लिहिलें, तेवढें नोकरी संपल्यानंतरच्या आयुष्याविषयीं लिहिलें नाहीं. ठराविक वयास थांबावयाचें आणि घरबसल्या पगाराचा अंश घ्यावयाचा, ही व्यवस्था आपल्याकडे मुख्यतः इंग्रजी अमलांत रुजली. धर्मशास्त्रानें त्यापूर्वीं वानप्रस्थ सांगितला होता. तो किती जणांनीं आचरिला हा प्रश्न निराळा; परंतु त्यास स्वतःची दिनचर्या होती, नेम होते. पेन्शनीनें अन्नाची सोय केली. सकाळीं उठून काय करावयाचें, हें मात्र ज्याचें त्यावर सोंपविलें. या पोकळीशीं भिडलेलें मराठींतील सर्वांत प्रसिद्ध नाटक म्हणजे कुसुमाग्रजांचें ‘नटसम्राट’. त्याचा अर्थ आपल्या घरांतून ज्या रीतीनें लावला जातो, तो आम्हांस अपुरा वाटतो. म्हणून हा लेख.

हें नाटक 1970 सालीं रंगभूमीवर आलें आणि श्रीराम लागू यांनीं गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली. शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया त्यावर आहे, हें सुशिक्षित वाचकांस सांगावयास नको. निवृत्त नट आपली मिळकत मुलांत वांटतो. मुलाच्या घरीं तो अडचण होतो, मुलीच्या घरीं त्याच्यावर चोरीचा संशय येतो. पत्नी अर्ध्या वाटेंत जाते. प्रेक्षक डोळे पुसतात आणि घरीं जातांना एक बोध बरोबर नेतात: हयातींत मुलांच्या हातीं पैसा देऊं नये. हा बोध खोटा नाहीं. 2007 सालीं ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास परत मागण्याची सोय त्यांत आहे. परंतु गणपतरावांची मिळकत उद्यां कायद्यानें परत मिळाली, तर त्यांचें दुःख संपेल काय?

आमच्या मतें संपणार नाहीं, आणि याचा पुरावा नाटकांतच आहे. अखेरच्या भागांत बूटपॉलिश करणारा राजा त्यांना आसरा देतो. पोटच्या मुलांनीं न दिलेली माया तो परका पोर देतो. मुलांची कृतघ्नता हेंच मूळ दुखणें असतें, तर येथें त्यावर उतार पडावयास हवा होता. तसें घडत नाहीं. गणपतराव पुन्हां जुन्या भूमिकांतच शिरतात आणि त्या भूमिकांतच संपतात. त्यांनीं पैसा देऊन टाकला, पण रंगभूमि कोणास देतां आली नाहीं. तिच्यावांचून आपण कोण, याचें उत्तर त्यांच्यापाशीं नव्हतें. नाटकाची खरी शोकांतिका ही आहे. नाटककाराचा दोष इतकाच कीं, चोरीच्या संशयाचा प्रसंग त्यानें इतका ठळक रंगविला आहे कीं प्रेक्षकास आयता अपराधी सांपडतो आणि मूळ प्रश्न त्याच्या हातून निसटतो. कावेरीबाईंकडेही टीकाकारांचें लक्ष कमीच गेलें. गृहिणीस निवृत्ति नसते. घर सुटतें तेव्हांच तिचें काम सुटतें, आणि घर सुटल्यावर ती फार दिवस जगत नाहीं.

या प्रश्नाचा दुसरा धडा पाहावयाचा असेल, तर वाचकांनीं दौलताबादेचा किल्ला चढावा. गोवळकोंडा 1687 सालीं पडल्यावर तेथील अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याच किल्ल्यांतील चिनी महालांत कैद होता; सुमारें बारा वर्षें तेथें काढून तो वारला. त्यास निवृत्ति लादली गेली. त्याला जिंकणाऱ्या औरंगजेबानें ती कधींच घेतली नाहीं. दख्खनेंत उतरून पंचवीस वर्षें तो लढत राहिला, 1707 सालीं अहमदनगरास वारला आणि खुलताबादेस पुरला गेला. एकाचें काम हिरावलें गेलें, दुसऱ्यास तें खालीं ठेवतां आलें नाहीं. आणि दोघांच्याही कबरी त्या एका खुलताबादेंत आहेत.

या दोघांच्या आधीं सोळाव्या शतकांत याच गडावर निजामशाहीचे किल्लेदार होते एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी. परंपरा सांगते कीं ते चाकरी चोख करीत आणि गुरुवार उपासनेस राखीत. बाल एकनाथ शिकावयास आला, तो येथेंच. स्वामींची समाधिही गडावरच आहे. त्यांनीं गड सोडून अरण्य धरलें नाहीं, तसेंच गडाच्या किल्ल्या म्हणजे आपण, असेंही मानलें नाहीं. आठवड्यांतील एका दिवसावर त्यांनीं आपलें दुसरें आयुष्य चाकरींतच उभें केलें.

आधुनिक उदाहरण अण्णासाहेब कर्व्यांचें. 1914 सालीं ते फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले आणि 1916 सालीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें. निवृत्तीनंतरच्या उत्साहाचा दाखला म्हणून ही गोष्ट वारंवार सांगतात. परंतु विधवांसाठीं आश्रम त्यांनीं 1896 सालींच स्थापिला होता, म्हणजे गणित शिकवीत असतांनाच. नोकरी सुटली त्या दिवशीं त्यांना नवें कांहीं शोधावें लागलें नाहीं.

कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणें झालीं. पस्तीस वर्षें खर्डेघाशी करून घर चालविणाऱ्यानें गुरुवार कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे. आठवड्याचा एक दिवस अनेकांस मिळत नाहीं, आणि ज्यांस पेन्शनच नाहीं त्यांच्यापुढें हा प्रश्न भाकरीनंतरच येतो. परंतु येथें विद्यापीठाची अट नाहीं. शेजारच्या मुलांची शिकवणी, वाचनालयाचें काम, भजनाची मंडळी, चार झाडें, यांतील कोणतेंही चालेल. तें पगार चालू असतांनाच सुरू झालेलें असावें, आणि आपणांवांचून कोणाचें तरी त्यांत अडावें. विरंगुळा आणि काम यांत फरक आहे तो एवढाच.

म्हणून ‘नटसम्राट’ वडिलांनीं मुलांना दाखविण्याचें नाटक नसून पन्नाशींतल्या माणसानें स्वतःसाठीं पाहण्याचें नाटक आहे, असें आम्हांस वाटतें. मुलें कशीं निघतील, हें सर्वस्वी आपल्या हातीं नाहीं. नोकरीबाहेर आपण कोण, याचें उत्तर तयार करणें मात्र बरेंच आपल्या हातीं आहे, आणि पन्नाशींत त्यासाठीं अजून कांहीं वर्षें शिल्लक असतात.