गप्पी म्हणजे नेमका कुठला मासा?

आज एका लहानशा शब्दावर बोलायचंय. पावसाळा लागला की सातारा-सांगलीकडच्या गावांत डेंग्यू-हिवतापाच्या सूचना लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, टाक्या झाका, आणि 'साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडा'. यातलं शेवटचं वाक्य मला खटकतं. वाक्य सोपं आहे, हेतूही चांगला आहे. गडबड आहे ती 'गप्पी' या शब्दात.

वाळवा तालुक्यातल्या एका गावात बादलीतून मासे घेऊन निघालेल्या पोराला मी विचारलं, "कुठले मासे रे हे?" म्हणाला, "गप्पीच की ओ सर, डासाचं मासं." मी बादलीत डोकावलो. सगळे मासे करडे. आता गप्पीचे नर रंगीत असतात, हे ज्याच्या घरी काचेची टाकी आहे त्याला सांगायला नको. बादलीभर माशांत एकही रंगीत नाही, म्हणजे तो बहुधा गॅम्बुसिया होता. काही जण गंबुशिया असंही लिहितात. हे नाव आता मराठीत जवळजवळ ऐकूच येत नाही. 'गप्पी'नं ते गिळून टाकलंय.

हा गॅम्बुसिया मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला. डासांच्या अळ्या खातो म्हणून त्याला 1920 च्या दशकात युरोपात नेलं. इटली तेव्हा हिवतापानं बेजार होती. 'मलेरिया' हा शब्दच मुळी इटालियन, अर्थ 'वाईट हवा'. आपला 'हिवताप' लक्षण सांगतो, त्यांचा शब्द कारण सांगतो, आणि ते कारण चुकीचं निघालं! तर 1928 मध्ये हा मासा इटलीतून भारतात आला. त्यामुळे त्याचं नावही इटालियन असणार, असं पुष्कळांना वाटतं. ऐकायला आहेही तसं. पण फेलिपे पोए या क्यूबाच्या अभ्यासकानं 1854 मध्ये ते नाव दिलं, तिथल्या बोलीतल्या 'गाम्बुसिनो' या शब्दावरून. गळ टाकून बसलेल्याला दिवसभरात काही मिळालं नाही की तो 'गाम्बुसिनो' पकडत होता असं म्हणायचे. म्हणजे अर्थ काय, तर 'काहीच नाही'. ज्याला जगभर कामाचा मासा म्हणून फिरवलं, त्याचं नाव असं.

गप्पीची गोष्ट वेगळी. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी यांनी नमुने लंडनला पाठवले, आणि 1866 मध्ये त्यांच्या नावावरून माशाचं नाव पडलं. पुढे कळलं की पेटर्स या जर्मन अभ्यासकानं 1859 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. शास्त्रातून गप्पींचं नाव गेलं, बोलण्यात मात्र राहिलं. मराठीत तर ते घट्टच बसलं, कारण आपल्या कानाला त्यात गप्पा ऐकू येतात.

आता कुणी म्हणेल, दोन्ही अळ्या खातात, मग नावावरून एवढा काथ्याकूट कशाला? तर दोघांचे गुण एक नाहीत. गप्पी घाण पाण्यात, गटारातही तगतो. गॅम्बुसिया दांडगा. दुसऱ्या माशांची अंडी-पिल्लं खातो, बेडकांची पिल्लं खातो, मोठ्या माशांचे पर कुरतडतो. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 परक्या जीवांची जी यादी आहे, तिच्यात गॅम्बुसिया आहे. गप्पी त्या यादीत नाही. तोही परकाच आहे, साधा नव्हे, पण ते असो. बंद टाकीत दोघांपैकी कुणीही चालेल. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीसारख्या जुन्या पाण्यात, ओढ्यात, तळ्यात मात्र फरक पडतो. शिवाय आपल्याकडे पूर येतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा कुठल्या तळ्यातला मासा कुठे गेला याचा हिशेब कोण ठेवणार? कृष्णेतल्या मरळ-वामीची अंडी त्या पाण्यात असतात.

यावर 'डासमासा' किंवा 'डासभक्षक मासे' असे शब्द सुचवले जातात. मला ते गप्पीपेक्षाही वाईट वाटतात. ते फक्त माशाकडून आपल्याला काय हवंय तेवढंच सांगतात. तो आणखी काय खातो, हे त्या शब्दाआड दडून जातं. इंग्रजीतही याच माशाला असंच नाव आहे आणि तिथंही हीच फसगत झाली.

अवघड नाव लोकांना पेलत नाही, हाही एक समज आहे. मासळी बाजारात जाऊन 'चिलापी' मागून बघा. तो तिलापिया. अँड्र्यू स्मिथनं 1840 मध्ये आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतल्या, 'मासा' याच अर्थाच्या शब्दावरून ते नाव केलं. त्यातली एक जात 1952 मध्ये भारतात आली, आणि आपल्या कोळ्यांनी-गिऱ्हाइकांनी नाव असं घासून घेतलं की ते आता मराठीच वाटतं. गॅम्बुसियाचंही 'गंबुशी' झालं असतं. पण लोकांच्या तोंडी ते नाव कुणी दिलंच नाही, सूचनेत थेट 'गप्पी' छापलं. वाईला विश्वकोशाचं काम झालं त्या जिल्ह्यात हे व्हावं, याचं मला जरा जास्तच वाईट वाटतं.

सूचना बदलायला फार काही लागत नाही. 'बंद टाकीत गप्पी सोडा. गंबुशी विहिरीत, ओढ्यात सोडू नका.' फलकावर एक ओळ वाढेल. त्या पोराला मी हेच सांगितलं. त्यानं बादलीत बघितलं आणि म्हणाला, "मग आता ह्यांचं काय करू?"