चापेकरांचे आत्मवृत्त आणि प्रतीकात्म निषेधाची मर्यादा

भोसरीपासून जवळच असलेल्या चिंचवडचे दामोदर हरी चापेकर (१८६९–१८९८) यांनी येरवड्याच्या तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्ताकडे बहुधा इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. परंतु निषेधाची कृती अर्थ कसा धारण करते, या प्रश्नाच्या दृष्टीनेही ते अभ्यसनीय आहे.

१८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यास डांबर फासून जोड्यांची माळ घालण्यात आली. तोंडास काळे फासणे व जोड्यांचा हार घालणे ही लोकव्यवहारातील रूढ चिन्हे होत. त्यांचा अर्थ कोणास विचारावा लागला नाही. अपमान सर्वांना कळला. वक्ता मात्र अज्ञात राहिला आणि त्याची मागणीही अव्यक्तच राहिली. कर्ता व हेतू यांचा उलगडा पुढे कबुलीजबाबात आणि आत्मवृत्तात झाला. म्हणजे मूक चिन्हास पूर्णता येण्यासाठी अखेर शब्दांचाच आश्रय घ्यावा लागला.

हे शब्द हाती आल्यावर त्या ध्येयवादाची थोरवी व उणीव दोन्ही दिसतात. प्राणांची पर्वा न करणारी निष्ठा निःसंशय आहे. पण परकीय सत्तेइतकाच रोष स्वकीय सुधारकांवरही आहे. त्यांच्यावरील हल्ल्यांचे वर्णन दामोदर अभिमानाने करतात. काय मोडावे हे स्पष्ट आहे. त्या जागी काय उभारावे, याविषयी लेखन जवळजवळ मौन पाळते.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. प्लेगच्या घरझडत्यांचा संताप खरा होता. परंतु तोवर साथ ओसरली होती, आणि निवडलेली रात्र राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची होती. येथेही प्रतीकाचाच विचार प्रबळ दिसतो. मात्र पुतळ्याचे डांबर पुसता येते, माणसाचा प्राण परत येत नाही. प्रतीकाची भाषा माणसास लावताना हा भेद लोपतो, ही तिची सर्वांत गंभीर मर्यादा होय. पुढे तिघे बंधू व महादेव रानडे फासावर गेले. राज्ययंत्रणा तशीच राहिली.

आज चिंचवडमधील चौक चापेकरांच्या नावाने ओळखला जातो; पुतळ्यास डांबर फासणारे स्वतःच प्रतीक झाले आहेत. प्रतीकास वंदन करणे सोपे असते. त्याच्याशी वाद घालता येत नाही. आत्मवृत्ताशी तो घालता येतो, आणि त्या तरुणांचा खरा आदर करावयाचा तर तो घातलाच पाहिजे.