शिको मुनाकाता : काष्ठफलकावरील उपालि

१९५६ साली १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच वर्षी व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात शिको मुनाकाता या जपानी काष्ठमुद्राचित्रकारास मुद्राचित्रांचे सर्वोच्च पारितोषिक लाभले. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. तथापि तथागतांच्या दहा प्रमुख शिष्यांची त्याने १९३९ मध्ये कोरलेली चित्रमालिका आमच्या वाचकांनी अभ्यासावी, असे आम्हांस वाटते.

मुनाकाताचा जन्म १९०३ साली आओमोरी येथे एका लोहाराच्या घरी झाला. प्राथमिक शिक्षणानंतर तो वडिलांच्या भट्टीवर राबला आणि १९२४ मध्ये चित्रकार होण्यासाठी टोकियोस गेला. दृष्टी इतकी अधू की फळीला चेहरा भिडवून तो कोरीत असे. १९४५ च्या बाँबवर्षावात त्याचे अनेक ठसे जळाले. शिष्यांसोबतच्या दोन बोधिसत्त्वांचे ठसेही गेले. ते त्याने १९४८ मध्ये पुन्हा कोरले. १९७५ मध्ये त्याचे निधन झाले.

काष्ठमुद्रणात कोरून काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, राखलेला भाग काळा उमटतो. मुनाकाताने दहाही शिष्यांना एकाच मापाच्या उभ्या चौकटी दिल्या. त्यांत उपालि आहे. शाक्यांचा हा न्हावी, ज्याला शाक्य कुमारांच्या आधी प्रव्रज्या मिळाली आणि जो विनयाचा श्रेष्ठ ज्ञाता ठरला, तो येथे सारिपुत्ताइतकीच जागा व्यापून उभा आहे. आमच्या मते या मालिकेचे खरे मोल येथे आहे.

एका बाबतीत मात्र आमचा मतभेद आहे. आपली कला परशक्तीने घडते, तिची जबाबदारी आपली नव्हे, असे मुनाकाता मानीत असे. त्याचे जीवनच याचे खंडन करते. जळालेले ठसे कोणत्याही परशक्तीने परत दिले नाहीत. ते त्याच्या हातांनी पुन्हा कोरले.

बोरिवलीजवळील कान्हेरी लेण्यांत कल्याणच्या एका लोहाराच्या दानाचा शिलालेख आहे. श्रमिकाचे नाव धम्माच्या इतिहासात कोरले जाण्याची परंपरा अशी आमच्या उपनगरांच्या उशाशीच आहे. घाटकोपर-मुलुंडच्या विहारांतून तथागतांच्या गुळगुळीत रंगीत तसबिरी पुष्कळ दिसतात. त्यांच्याशेजारी आमच्याच तरुणांनी कोरलेला एखादा उपालि कधी दिसेल, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.