खून वगळल्यावर उरलेली मिल्ड्रेड

मायकल कर्टिझच्या 'मिल्ड्रेड पिअर्स'ची (१९४५) सुरुवातच गोळ्यांच्या आवाजाने होते. मिल्ड्रेडचा दुसरा नवरा मॉन्टी मरून पडतो आणि पुढची बरीचशी गोष्ट ती पोलिसांसमोर बसून सांगते. जेम्स केनच्या १९४१च्या मूळ कादंबरीत हा खून नाहीच! सिनेमाने तो घातला आणि वेट्रेसपासून हॉटेलांच्या मालकीपर्यंत पोचलेली बाई पहिल्याच रिळात संशयित झाली.

टॉड हेन्सने २०११मध्ये एचबीओसाठी केलेल्या पाच भागांच्या मालिकेत खून नाही. नॉयरच्या गडद सावल्याही त्याबरोबर गेल्या. मग उरतं काय? मंदीच्या काळात नोकरीसाठी वणवण करणारी, वेट्रेस झाल्याचं मुलीपासून लपवणारी केट विन्स्लेट. मालिका संथ आहे, मान्य. पण घर चालवायचा तो हिशेब मला कुठल्याही रहस्यापेक्षा जास्त धरून ठेवतो.

सिनेमात शेवटी मुलगी व्हिडा पकडली जाते. त्या काळच्या हॉलिवूडच्या नियमावलीत गुन्हेगार मोकळा सुटणं बसतच नव्हतं. मालिकेतली व्हिडा आईच्या नवऱ्यासोबत राहायला आरामात न्यूयॉर्कला निघते. आईला असं लुबाडणं कुठल्याच कलमाखाली येत नाही, त्यामुळे तिला अडवायला कुणी इन्स्पेक्टरही येत नाही.